वरची उजवी दाढ आणि पहिली क्लॅरिनेट

२ तारीख, मंगळवार. दुपार.

आज मला कोमट चहा प्यावा लागला. हे वाक्य मी शांतपणे लिहितो आहे. ज्या माणसाने जन्मभर कपातून वाफ निघत असतानाच चहा संपवला, त्याला आज पंख्याखाली निवत ठेवलेला, वर साय धरलेला चहा चमच्याने पाजला गेला. त्यात साखरही विरघळली नव्हती. याविरुद्ध कुठे दाद मागायची ते कळत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कारण किरकोळ. वरची, उजवीकडची, मागून दुसरी दाढ सकाळी काढली.

मी अजिबात घाबरलो नाही. खुर्ची मागे टेकवल्यावर हात गार पडले ते ए.सी.मुळे. ए.सी. बंद होता असं ही म्हणते. पण ही बाहेर बाकावर बसली होती, हिला काय कळणार?

इंजेक्शननंतर दुखलं नाही. आवाज मात्र आला. वरच्या मजल्यावर कुणी भरलेलं कपाट सरकवावं तसा, फक्त वरचा मजला म्हणजे माझंच डोकं. डॉक्टरीणबाईंनी दाढ चिमट्यात धरून दाखवली. तीन लांब मुळं. म्हणाल्या, ही मुळं थेट नाकाशेजारच्या पोकळीला टेकली होती, मधली भिंत कागदासारखी पातळ आहे, फार जपा. मग सूचना. कापूस दाबून धरा. आज चूळ भरू नका, थुंकू नका. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरेल, तिला हात लावू नका, तीच मलमपट्टी. नाक शिंकरू नका. शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडून द्या. स्ट्रॉने काही ओढू नका. आणि तीन आठवडे काहीही फुंकू नका, फुगेबिगे.

मग विचारलं, काम काय करता? तोंडात कापूस होता. मी स्टोअर म्हणालो. रंगाच्या कंपनीत कच्च्या मालाचं स्टोअर मी सांभाळतो, हे खरंच आहे. संध्याकाळी कंपनीच्या बँडमध्ये पहिली क्लॅरिनेट वाजवतो, हे कापसातून सांगण्यासारखं नव्हतं.

शिवाय फुगा फुंकतात. क्लॅरिनेट वाजवतात. सोळा वर्षं मी फुंकत असतो तर बँडच्या मास्तरांनी मला पहिल्या खुर्चीवर ठेवलं असतं का?

येत्या चौदाला कंपनीला पन्नास वर्षं होतात. मैदानात कार्यक्रम, सगळी कॉलनी येणार. त्यात माझा सोलो. बारा दिवस आहेत. तीन आठवडे हे नाजूक माणसांसाठी असतात.

३ तारीख, बुधवार.

पहाटे उशीवर गुलाबी डाग. बराच वेळ डागाकडे बघत पडून राहिलो. मनातल्या मनात मागे काय ठेवून जातोय याची वाटणी केली. घर हिला. घड्याळ धाकट्या भावाला. क्लॅरिनेट कुणाला हे ठरेना. लंबूला नाही, एवढं नक्की ठरलं.

ही उठली. म्हणाली, लाळ आहे, रक्त कुठाय त्यात, उशीचा अभ्रा द्या इकडे.

लंबू म्हणजे आमची दुसरी क्लॅरिनेट. लॅबमध्ये रंगांच्या छटा जुळवतो. पस्तिशीचा घोडा, आणि मला काका म्हणतो. वाजवतो बरं. म्हणजे दुसऱ्या खुर्चीच्या मानाने बरं.

गुठळी जागेवर आहे की नाही याची काळजी वाटली, म्हणून जीभ लावून पाहिली. मग जीभ लावल्यामुळे गेली की काय याची काळजी वाटली, म्हणून हिचा हातातला आरसा आणि टॉर्च घेऊन मोरीत गेलो. काही दिसेना. गाल बोटाने ओढून धरला तेव्हा दिसलं. काळंनिळं, ओलं, खोल. त्यात अख्खा मी मावेन असं वाटलं. आरसा बेसिनवर ठेवून स्टुलावर बसलो. बसलो ते पाय दुखत होते म्हणून.

निश्चय : यापुढे त्या जागेकडे बघायचं नाही.

संध्याकाळ. एकदाच बघितलं. आहे.

४ तारीख, गुरुवार.

कामावर गेलो. घरी पडून राहणाऱ्यांतला मी नव्हे. शिवाय घरी ही शिवणाचा क्लास घेते, सहा बायका आणि चार मशिनी, आणि प्रत्येकीला गाल दाखवावा लागतो.

डिस्पॅचमध्ये एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही यमदूत म्हणतो. त्यांच्या नात्यातलं माणूस गेलं नाही असा एकही आजार नाही. आज त्यांनी स्वतःहून येऊन सांगितलं की त्यांच्या आतेभावाने दाढ काढली होती. मी विचारलं, मग? म्हणाले, मग काय, साधी दाढच होती. आणि मान हलवत निघून गेले. मेला की जगला ते सांगितलंच नाही. दिवसभर माल मोजताना चुकत होतो.

दुपारी पिवळ्या पावडरीच्या गोण्या उतरल्या. एक फाटकी होती. शिंक आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तोंड उघडून द्या, पण समोर तीन हमाल, एक ड्रायव्हर. डिपार्टमेंटचा प्रमुख तोंड वासून शिंकतो हे बरं दिसत नाही. नाक चिमटीत धरून शिंक आतल्या आत जिरवली. कानात खाट्‌ झालं. डोळ्यांपुढे पिवळं दिसलं, पण पिवळं तर समोर होतंच.

काही झालेलं नाही. शिंक जिरवणं हासुद्धा एक प्रकारचा श्वासाचा कंट्रोल आहे.

५ तारीख, शुक्रवार.

नवी पद्धत शोधली. न वाजवता रियाज. क्लॅरिनेट मांडीवर घ्यायची, तोंडाला लावायची नाही, नुसती बोटं फिरवायची. सोलो तीनदा फिरवला. अप्रतिम झाला. बोटं सोळा वर्षांत इतकी मोकळी फिरली नव्हती. दाढेचा आणि बोटांचा काही संबंध असावा.

ही हातात झाडू घेऊन खोलीत आली. कळांची टकटक ऐकून तिला वाटलं, कपाटामागे उंदीर शिरलाय. मला बघून म्हणाली, अहो, उंदीर असता तर परवडलं असतं, तो निदान डॉक्टरांचं ऐकतो की नाही हे मला बघावं लागलं नसतं. मी म्हणालो, मी फुंकत नाहीये. ती म्हणाली, अजून नाही.

हा अविश्वास लग्नापासूनचा आहे.

६ तारीख, शनिवार.

ही क्लासच्या बायकांबरोबर कापड आणायला गेली. घरात कुणी नाही. एक सूर. फक्त एक, मधला, हळू. रीड, म्हणजे ओठात धरायची पातळ पट्टी, सुकू नये म्हणून. रीड सुकलं तर नंतर खर्चात पडायला होतं.

सूर आला. पण त्याच्यासोबत आणखी काहीतरी आलं. दाराच्या फटीतून वारा शिरावा तसं, बारीक, वर चढत जाणारं. आधी वाटलं खिडकी. खिडकी लावली. पुन्हा वाजवलं. खिडकी बंद, आवाज चालूच. क्लॅरिनेट तपासली. कळांखालच्या सगळ्या गाद्या नीट बसलेल्या. मग वाजवता वाजवता नाकाखाली बोट धरलं.

वारा माझ्या नाकातून येत होता.

क्लॅरिनेट पेटीत ठेवली. पेटी बंद केली. पेटीवर टॉवेल टाकला. का टाकला माहीत नाही. घसा कोरडा पडला म्हणून सकाळचा उरलेला चहा घेतला. एक घोट. तो उजव्या नाकपुडीतून बाहेर आला आणि शर्टावर पडला.

मी मोठ्याने काहीही ओरडलो नाही. शेजारच्या काकू कशासाठी आल्या होत्या ते त्यांनाच माहीत.

७ तारीख, रविवार.

रात्रभर विचार करून एक गोष्ट लक्षात आली. मान डावीकडे कलती ठेवून, डाव्या गालाने, छोटे घोट घेतले तर काहीच होत नाही. म्हणजे प्रश्न सुटला. माणसाने पद्धत शोधायला हवी.

दुपारी मऊ भात आणि पातळ सूप. मान डावीकडे. ही म्हणाली, मान अवघडली का? मी हो म्हणालो. म्हणाली, मग काल का नव्हती? मी म्हणालो, आज अवघडली. बोलता बोलता मान सरळ झाली आणि सूप नाकातून आलं.

ही बघतच राहिली. हळू आवाजात म्हणाली, तुमच्या नाकातून सूप येतंय. तिचा आवाज हळू झाला की मला जास्त भीती वाटते. मी म्हणालो, सर्दी आहे. ती म्हणाली, गाजराची सर्दी? मग उठून हातरुमाल आणून दिला. म्हणाली, सर्दी आहे ना, मग शिंकरा नाक.

नाक शिंकरायचं नाही. शिंकरलं तर कागदी भिंत जाणार. न शिंकरावं तर खोटं पडणार. रुमाल नाकाला लावून मी तोंडाने शिंकरल्याचा आवाज काढला. तिने रुमाल उघडून पाहिला. कोरडा. उद्या डॉक्टरांना फोन करा, एवढंच म्हणाली आणि ताटं उचलली.

८ तारीख, सोमवार.

फोन केला. हे नमूद करतो. डॉक्टरीणबाईंनी स्वतः उचलला. हॅलो म्हणाल्या. मी ठेवून दिला. आवाजावरून त्या कामात असाव्यात असं वाटलं.

खरं म्हणजे भोक असेल तर ते आपोआप भरतं. जखमा भरतातच. गुडघे फुटले तेव्हा काय केलं होतं? काही नाही. (गुडघ्याने मी काही वाजवत नव्हतो, ही गोष्ट वेगळी.)

मोरीत टॉर्च. आज गुठळी दिसली नाही. तिच्या जागी अंधार दिसला, आणि अंधारात श्वासाबरोबर एक बुडबुडा वर-खाली होत होता. माझा श्वास मला दिसत होता. असं कुणाला दिसू नये.

उद्या तालीम. गेलो नाही तर मास्तर लंबूला म्हणतील, तू बघ रे एकदा सोलो. एकदा बघितलेला सोलो परत मिळत नाही. मीही तो आधीच्या माणसाकडून असाच एकदा बघितला होता. त्याला कावीळ झाली होती.

जाणार.

९ तारीख, मंगळवार. संध्याकाळ, तालमीनंतर.

तालीम उत्तम झाली.

तपशील : कँटीनच्या मागचा हॉल. पावणेदोनशे खुर्च्या एकावर एक रचलेल्या, समोर आम्ही चोवीस जण. उजव्या नाकपुडीत कापसाचा बोळा घट्ट बसवला होता. हा माझा शोध. सुरुवातीच्या दोन मार्चमध्ये सगळे वाजवत असतात, तिथे काही कळत नाही. मग सोलो. सगळे थांबले. मास्तरांनी माझ्याकडे बघून काठी उचलली.

पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत वरचा सूर लांबवायचा असतो. लांबवला. बोळा सुटून समोरच्या ढोलवाल्याच्या पाठीवर पडला आणि नाकातून शीळ सुरू झाली. मी दाब वाढवला तशी शीळही वाढली. गालाच्या हाडात कळ आली, डोळ्यात पाणी. सूर माझ्या हातून खाली यायला लागला, आणि मला आठवतं ते एवढंच की तो खाली पोचला नाही. कुणीतरी खालून धरला. लंबूने. दुसऱ्या खुर्चीवरून, इतक्या हळू आवाजात की मास्तरांना वाटावं मीच. मी बोटं फिरवत राहिलो. सोलो पुरा झाला.

मास्तर म्हणाले, सोलो छान. पण शीळ कोण घालतंय? शाळेची सहल आहे का ही? आणि त्यांनी दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं, कारण पहिल्या खुर्चीकडे बघण्याचं त्यांना कधी कारण पडलेलं नाही.

लंबू म्हणाला, सॉरी मास्तर.

मास्तरांनी मग त्याला चांगलाच झाडला. इतकी वर्षं झाली तरी रीड नीट ओलं करता येत नाही, चौदाला सगळ्या गावासमोर माझं नाक कापशील, वगैरे. सगळ्यांसमोर. लंबू खाली बघून रीड पुसत होता. मी मध्ये पडलो नाही. बँडमध्ये मास्तर बोलत असताना मध्ये पडणं शिस्तीला धरून नाही.

माझ्या सोलोत परवानगी न घेता शिरला हेही आहेच.

ढोलवाल्याने बोळा परत दिला. काही न विचारता. सभ्य माणूस.

१० तारीख, बुधवार.

गाल जड. खाली वाकलं की दाढ होती तिथून डोळ्यापर्यंत ठोके. तोंडाला घाण चव, नाण्यासारखी. नाकातून पिवळसर काहीतरी आलं. पावडर नव्हे. मी आज गोण्यांकडे गेलोच नव्हतो.

यमदूतांना विचारलं, तुमच्या आतेभावाचं पुढे काय झालं? ते म्हणाले, कुठल्या? मी म्हणालो, दाढवाल्या. ते म्हणाले, अरे हां, तो, त्याचं काय, दुबईला असतो. इतका राग आला. आणि त्यानंतर माल मोजताना एकदाही चुकलो नाही.

पण माझं भोक भरत नाहीये. आणि भरलं नाही तर?

पहिली खुर्ची गेली तर गेली, असं म्हणून पाहिलं. म्हणता येतं. लिहिताही येतं. पण मग संध्याकाळी साडेसहाला स्टोअरला कुलूप लावल्यावर मी कुठे जायचं? कॉलनीत मला क्लॅरिनेटवाले म्हणतात. स्टोअरवाले म्हणून कुणी हाक मारत नाही, कारण स्टोअरवाल्याला हाक मारण्यासारखं काही नसतं.

मोरीत स्टुलावर टॉर्च घेऊन बसलो होतो. ही दार ढकलून आत आली. ओरडेल वाटलं. तिने टॉर्च काढून घेतला, माझा गाल स्वतः ओढला, आत उजेड टाकला आणि खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, उद्या सकाळी दहाला जायचंय, मी परवाच वेळ घेऊन ठेवलीय.

मी म्हणालो, मला भीती वाटते. (वाकण्याबद्दल म्हणालो. वाकलं की दुखतं.)

ती म्हणाली, माहितीय. त्या दिवशी ए.सी. बंद होता.

११ तारीख, गुरुवार.

डॉक्टरीणबाईंनी नाक धरायला सांगितलं आणि म्हणाल्या, अगदी हळू हवा सोडा. खड्ड्यातून बुडबुडे आले. त्यांनी विचारलं, काही फुंकलंत का? मी म्हणालो, नाही. ही मागून म्हणाली, क्लॅरिनेट.

डॉक्टरीणबाईंनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. फार सावकाश ठेवला. मी म्हणालो, तुम्ही फुगे म्हणाला होतात. त्या म्हणाल्या, तुतारी, शंख, चूल आणि टायरसुद्धा म्हणाले नव्हते. मदतनीस बाई तोंडावर मास्क असूनही हसताना दिसल्या.

आत जंतू शिरलेत. आधी सगळं धुतलं. भोक लहान होतं, म्हणाल्या, जपलं असतं तर कदाचित स्वतःहून मिटलं असतं. आता गालाकडची हिरडी पदरासारखी सोडवून, खड्ड्यावर ओढून टाके. ते चालू असताना मी छताकडे बघत होतो. छतावर निळ्या आकाशाचं चित्र लावलंय. त्यात एका ढगाचा कोपरा सुटून लोंबत होता. तो पडेल की काय या एकाच गोष्टीची मी काळजी करत राहिलो, कारण बाकीच्या काळज्या मोठ्या होत्या.

विचारलं. म्हणजे बोटांनी खुणा करून विचारलं. क्लॅरिनेट?

त्या म्हणाल्या, दीड-दोन महिने पेटी उघडायचीसुद्धा नाही. नंतर मी बघेन, मग ठरवू. मी पुन्हा खूण केली. त्या म्हणाल्या, बहुतेक वाजवाल. बहुतेक. यावेळी ऐकलंत तर.

बहुतेक हा शब्द इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

घरी हिने टॉर्चने टाके तपासले. म्हणाली, बारीक आहेत, सरळ आहेत, माझ्या क्लासमधल्या एकीलाही असे जमत नाहीत. तिच्या तोंडून इतकी स्तुती माझी कधी झाली नाही, माझ्या तोंडातल्या शिलाईची झाली.

१२ तारीख, शुक्रवार.

मास्तरांना मेसेज केला. बोलता येत नाही. लिहिलं : दाढेचं ऑपरेशन. चौदाला जमणार नाही. सोलो दुसऱ्या क्लॅरिनेटला द्यावा. लिहून एक तास पाठवला नाही. मग पाठवला आणि उत्तराची तयारी केली. मास्तर येतील, बाकावर बसतील, म्हणतील तुमच्याशिवाय कार्यक्रम कसला, पुढे ढकलू. कंपनी एक्कावन्न वर्षांचीही होईलच की.

उत्तर आलं : ठीक. काळजी घ्या.

सोळा वर्षं. ठीक.

१३ तारीख, शनिवार.

कार्यक्रमाला न जाण्याचा निश्चय. डोकं उंच ठेवून झोपायचं आहे, तीन उशांवर. आजाऱ्याला वारा बाधतो.

संध्याकाळ. जाण्याचा निश्चय. पहिल्या रांगेत, लंबूच्या बरोब्बर समोर बसायचं. जाणकार माणूस समोर बसलेला दिसला की हात कापतात. बाकी मी काहीही करणार नाही. नुसता बसणार.

१४ तारीख, रविवार. रात्री, तीन उशांवर.

गेलो. ही शेजारी. गालाला मफलर. पहिल्या रांगेत बसलो. जनरल मॅनेजरांनी ओळखलं, म्हणाले, अरे, आज इकडे कसे? मी गालाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, छान छान.

मैदानात वारा सुटला. स्टँडवरचे कागद फडफडायला लागले. चिमटे लावले होते, पण सोलोच्या वेळी मास्तरांनी लंबूला एकट्याला पुढे उभं केलं आणि नवा स्टँड दिला, त्याला चिमटा नव्हता. लंबूचे हात खरंच कापत होते. त्याचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. पहिल्याच ओळीला कागदाचं वरचं टोक उलटलं. तो डोळ्यांनी कागद शोधत होता आणि बोटं पुढे चालली होती. अशा वेळी पुढे काय होतं ते मला माहीत आहे. सूर खाली यायला लागतो.

मी उठलो. हिने बाही धरली, मग सोडली.

स्टँडसमोर जाऊन, लोकांकडे पाठ करून, किंचित वाकून, दोन्ही हातांनी कागद धरून उभा राहिलो. वाकल्यावर ठोके पडतात. पडले. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर नाकात हुळहुळायला लागलं. शिंक आली तर टाके जातील या भीतीने अंगाला घाम सुटला. दाबायची नाही. तोंड उघडं ठेवलं आणि तसाच उभा राहिलो. शिंक आली नाही. पण लंबूने वर पाहिलं, त्याला मी तोंड वासून त्याचं वाजवणं ऐकतोय असं दिसलं. त्याचे हात थांबले. म्हणजे कापायचे थांबले.

वरचा सूर त्याने लांबवला. मी लांबवतो त्याहून जास्त. शीळबीळ काही नाही.

टाळ्या पडल्या. त्या कागद धरणाऱ्यासाठी नव्हत्या हे मला कळतं. फोटोत माझी पाठ आली असणार.

पेट्या भरताना लंबू जवळ आला. म्हणाला, काका, थँक्यू, तुम्ही नसता तर काही खरं नव्हतं. बोलायला मनाई आहे. मी अर्ध्या तोंडाने एवढंच म्हणालो, मंगळवारच्या तालमीचं.

त्याने मान हलवली. मीही हलवली. मग त्याने स्टँड मिटला, आणि मी त्याच्या हातातली दुसरी पिशवी घेऊन बँडच्या सामानाच्या ट्रकपर्यंत गेलो. नुसती घेतली. जड नव्हती.